दूध तुटलेली दोन हजार

फाटक उघडलं तरी कुणी बाहेर येईना.
वाडग्यात दोन हजार कोकरं
आणि पुढं व्हायला एकही नाही.
आयांच्या मागून चालायचं, एवढंच ठाऊक त्यांना;
आणि आया तर काल दुपारीच गेल्या
पूर्वेच्या कुरणात, टेकडीपल्याड.
एल्युतेरिओ बार्रिया म्हणाला, घाई नको.
मोठी मेंढरं म्हणजे पाणी, उतार दाखव, वाहतील.
ही सांडलेल्या पिठासारखी.
हात लावशील तितकी पसरतील.

मी त्याच्या हाताखाली नवा.
चिलोए बेटावरून आलेला, सतरा वर्षांचा,
मोठ्या बुटांत कागद कोंबून.
शिट्टी बरी घालत होतो, तेवढ्यावर ठेवून घेतलं.

कुत्री तीन. तरण्या दोघांना बांधूनच ठेवलं,
कारण कोकराला कुत्रं माहीत नसतं,
ते पळायचं सोडून हुंगायला येतं,
आणि हुंगायला आलेल्याचं काय करायचं
हे कुत्र्याला कुणी शिकवलेलं नसतं.
म्हातारी पेर्ला तेवढी लांबून चालली,
जीभ बाहेर, आपला काही संबंध नसल्यासारखी.

मग त्यानं नोटारिओला आणलं.
दहा वर्षांचा खच्ची एडका, एक शिंग मोडकं,
गळ्यात सार्डिनच्या डब्याची घंटा.
दर उन्हाळ्यात हाच, दर उन्हाळ्यात नवी पोरं.
कुणाकडं न बघता तो निघाला,
कारकून कचेरीत शिरतो तसा.
मागं एक गेलं. मग चार.
मग फाटकाला कंठ फुटला.

खांबाची सावली वाटेत आडवी पडलेली.
पहिल्यानं ती उडी मारून ओलांडली,
दुसऱ्यानंही.
ढग आला, सावली पुसली गेली,
तरी प्रत्येक जण तिथं येऊन उडी मारत होतं
चारही पाय उचलून
काहीच नसलेल्या जागेवरून.
मी हसलो. तो हसला नाही,
मोजत होता: तीन, तीन, तीन,
शंभर झाली की सुतळीला गाठ.

दिवसभरात अकरा किलोमीटर.
पिवळं कोइरोन गवत, पश्चिमेचा वारा थेट तोंडावर,
बोललेलं शब्दाशब्दानं मागं उडून जाणारा.
थांबली की तोंडं वळायची, सगळी एकदम,
काल जिथं आई शेवटची दिसली त्या बाजूला.
ओढ्यात एक रुतलं. ते खोगिरावर पुढ्यात घेतलं
तर माझ्या कोटाचं बटण चोखत बसलं.
(आईनं लावलेलं वगैरे नव्हे,
कोट बाजारातला, तिसऱ्या हातचा.)
मी बटण सोडवून घेतलं नाही.

पलीकडच्या कुंपणाशी मोजायची पाळी माझी.
वीस गाठी आणि एकेचाळीस.
म्हटलं, एक जास्त आलंय.
नोटारिओला धरलंस, तो म्हणाला,
त्याला मोजत नाहीत.

रात्री वारा पडला.
तीन आठवड्यांत पहिल्यांदाच; इतका, की पत्रे गप्प झाले
आणि किटलीचा आवाज परका वाटला.
मग पूर्वेकडून, टेकडीवरून, त्या आल्या.
आवाज फक्त. एक नाही, दोन हजारांचा मिळून एक,
जाडा, पान्ह्यानं तटतटलेला.
कोकरं उठून कुंपणाला भिडली,
तारा वाजल्या.
एल्युतेरिओ दारात माते पीत उभा.
अकरा किलोमीटर कशाला आणली, तो म्हणाला,
वारा आहे म्हणून. वाराच आमचं कुंपण.
पुढं काही बोलला नाही. पेर्लाला आत घेतलं.

दुसऱ्या रात्री वारा होता, तरी ओरडणं होतं.
तिसऱ्या रात्री मी दचकून जागा झालो.
काही ऐकू आलं म्हणून नव्हे.
बाहेर कंदील धरला:
चांदण्यात माना खाली, आणि गवत तुटण्याचा
बारीक, सगळीकडून येणारा आवाज.
मधेच नोटारिओ, बसलेला, रवंथ करत.
उद्या त्याला परत न्यायचं होतं.

कंदील मी बराच वेळ विझवला नाही.